अंगठा, जीभ आणि दात

पहिलीच्या वर्गात गोष्ट रंगात आली, की एखाद्या मुलाचा अंगठा नकळत तोंडात जातो. 'काढ तो अंगठा, दात पुढे येतील!' असे आपण लगेच म्हणतो. हे खोटे नाही. पण मऊ अंगठा कठीण दाताला हलवतो कसा, हे समजले तर त्या मुलाशी कसे वागावे हेही कळते.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते. दातावर एकाच दिशेने हलका दाब बराच काळ राहिला, की दाबाच्या बाजूचे हाड काही पेशी विरघळवतात आणि उलट बाजूस दुसऱ्या पेशी नवे हाड रचतात. दात हळूहळू सरकतो. तारा बसवून वाकडे दात सरळ करतात, ते याच तत्त्वावर.

येथे जोरापेक्षा कालावधी महत्त्वाचा असतो. चावताना दातांवर मोठा जोर येतो, पण तो क्षणभरच. त्याने दात सरकत नाहीत. बाहेरून ओठ व गाल आणि आतून जीभ यांचा दाब हलका असला, तरी तो दिवसरात्र असतो. अमेरिकन दंततज्ज्ञ विल्यम प्रॉफिट यांनी 1978 मध्ये या समतोलाची सविस्तर चर्चा केली. दात सरकण्यासाठी दिवसाकाठी साधारण सहा तास दाब लागतो, असा अंदाज आहे.

एक साधा प्रयोग करा. तोंड मिटून शांत बसा आणि जीभ कोठे आहे ते पाहा. बहुधा ती टाळूला टेकलेली आढळेल. तोंडात अंगठा असला, की जीभ खाली दबते आणि चोखताना गाल आत ओढले जातात. वरच्या दाढांचा आतला आधार जातो, बाहेरचा दाब वाढतो आणि वरची दंतपंक्ती अरुंद होते. पुढे अंगठा वरच्या पटाशीच्या दातांना बाहेर लोटतो, तर खालच्यांना आत. शिवाय अंगठा मध्ये आल्याने हे दात पूर्ण वाढत नाहीत. दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. मग घास तोडणे अवघड जाते आणि 'स'चा उच्चार बोबडा होतो.

मात्र चोखणे ही उपजत क्रिया आहे. सोनोग्राफीत गर्भही अंगठा चोखताना दिसतो. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपोआप सोडतात. पटाशीचे कायमचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. त्याआधी सवय सुटली, तर समोरची फट बहुधा आपोआप भरून येते. अरुंद झालेली दंतपंक्ती मात्र तितक्या सहजी रुंदावत नाही. कायमचे दात येऊ लागल्यावरही सवय टिकली, तर दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.

म्हणजे वर्गातल्या त्या पाच मिनिटांनी दात पुढे येत नाहीत; ते येतात रात्र-रात्र चालणाऱ्या सवयीने. कंटाळा, झोप किंवा भीती वाटली, की मूल अंगठ्याकडे वळते. चारचौघांत हसे केले किंवा बोटाला मिरची चोळली, तर भीती वाढते आणि अंगठा पुन्हा तोंडात जातो. त्यापेक्षा त्याच्या हाताला काही काम द्यावे, एकटे गाठून समजुतीने बोलावे, आणि पालकांना रात्रीच्या सवयीबद्दल विचारावे.