गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे का? घोडं अडलंय कुठे?

बुकित पंजांगला आमच्या अकराव्या मजल्यावरून हिऱ्याचा एक सूक्ष्म कण खाली सोडा. (इथे वरून काही टाकणं गुन्हा आहे, तेव्हा मनातच!) हवा नसती तर खाली पोचायला साधारण अडीच सेकंद. क्वांटम नियमांनुसार तो एकाच वेळी 'इथे' आणि 'तिथे' असू शकतो. मग त्याचं गुरुत्वाकर्षण कुठून ओढेल?

2017 मध्ये लंडनचे सौगत बोस व सहकारी, आणि स्वतंत्रपणे कियारा मार्लेट्टो व व्लात्को वेद्राल यांनी एक युक्ती सुचवली. वेद्राल ऑक्सफर्डचे, पण तेव्हा आपल्या एनयूएसशीही संलग्न होते. असे दोन कण शेजारी सोडा, मध्ये फक्त गुरुत्वाकर्षण राहू द्या. त्यांच्यात एंटँगलमेंट, म्हणजे क्वांटम गुंता, आढळला तर तो घालणारं गुरुत्वाकर्षणही निव्वळ अभिजात असू शकत नाही. या निष्कर्षावर वाद आहेत. मला तो पटतो.

बोस यांच्या आराखड्यात कणाचं वस्तुमान 10⁻¹⁴ किलो, 'इथे' आणि 'तिथे'मध्ये पाव मिलिमीटर, आणि ही अवस्था तीच अडीच सेकंदं टिकवायची. तेवढ्यात हवेचा एखादा रेणू आदळला तरी खेळ खलास. व्हिएन्नात 2019 मध्ये ज्या रेणूंचं असं दुहेरी अस्तित्व दाखवलं, ते याहून वीस कोटींपेक्षा जास्त पट हलके होते. तिथेच 2021 मध्ये 90 मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीची ओढ मोजली गेली. ती गोळी आपल्या कणापेक्षा कित्येक अब्ज पट जड. आपल्याला हवा तो कण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि तिथे अजून कुणी पोचलेलं नाही.