पाडव्याआधी नळाकडं बघा

“आपल्याकडं पाईप कुठं गोठतात?” थंडी सरली, आता घरातले नळ, पाईप, टाकी तपासून घ्या म्हटलं की हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे, कारण मोबाईलवरचे व्हिडिओ थंड देशांतले. तिथं पाईपमधल्या पाण्याचा बर्फ होतो, तो सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतो, पाईप तडकतो आणि बर्फ वितळला की गळती उघडी पडते. गारगोटीत पारा शून्यावर येत नाही. आपला पाईप थंडीनं नाही, उन्हानं जातो. गच्चीवरच्या राखाडी पीव्हीसी पाईपवरून बोट फिरवा. पांढरी पूड बोटाला लागली, तर उन्हानं पाईप ठिसूळ व्हायला लागला आहे. अजून तडा नसेल, तर बाहेरच्या भिंतीचा पांढरा इमल्शन रंग दोन हात मारला तरी त्याचं आयुष्य वाढतं. सोलरच्या गरम पाण्याला मात्र हा पाईप लावूच नये. साधा पीव्हीसी ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. सोलरला फिकट पिवळसर सीपीव्हीसी हवा.

“गावाला वेदगंगा आहे, वर पाटगावचं धरण आहे, थेंबभर गळालं तर काय बिघडलं?” हिशेब करून बघू. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटरांवर होतात. जलजीवन मिशननं माणशी रोजचं पाणी धरलं आहे ५५ लिटर. तरीही वाया जाणाऱ्या पाण्याचा मुद्दा मी दुय्यमच मानतो.

खरा गैरसमज वेगळाच आहे: गळती म्हणजे पाणी बाहेर जाणं. नळाला पाणी चालू असतं, पाईपात दाब असतो, तोवर ते खरं. पण आपल्याकडं पाणी चोवीस तास नसतं. सुटायची वेळ संपली, वरून पाणी बंद झालं, की पाईप रिकामा होऊ लागतो आणि आत ओढ तयार होते. ज्या फटीतून सकाळी पाणी बाहेर येत होतं, त्याच फटीतून आता बाहेरचं आत जातं. फट गटारीच्या कडेला असेल तर काय आत जातं, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर पहिली घागर वास मारते आणि आपण नदीला नाहीतर ग्रामपंचायतीला बोल लावतो. दोष पुष्कळदा आपल्याच दारातल्या, गटार ओलांडून आलेल्या अर्ध्या इंची पाईपात असतो. अशा पाण्यातून कावीळ पसरते. २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ जिल्ह्यातले लोक विसरलेले नाहीत.

नळालाच मोटर जोडणारे म्हणतात, “मी माझ्या वाट्याचं पाणी ओढतो.” मोटर वाटा ओळखत नाही. ती पाईपातला दाब खाली आणते, शेजाऱ्याचा नळ कोरडा पाडते आणि पाणी चालू असतानाच फटीतून घाण आत ओढते. ती घाण सगळ्यात आधी मोटरवाल्याच्याच टाकीत येते. मोटर लावायचीच तर जमिनीलगतच्या टाकीत आधी पाणी साठवावं आणि तिथून वर चढवावं.

“तुरटी फिरवली, पाणी नितळ झालं, म्हणजे शुद्ध झालं.” तुरटीनं गाळ तळाला बसतो, एवढंच. जंतू मारायला क्लोरीन किंवा उकळी हवी. क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास थांबावंही लागतं.

आता नळ. ठिबकतोय म्हणून तो आणखी पिळणं हा घरोघरचा उद्योग. आतला वायसर झिजलेला असतो. पिळून पिळून तो चिरडतो, मग ज्या कडेवर तो बसतो तीही खराब होते आणि शेवटी नळच बदलावा लागतो. वायसर बदलणं हे पान्हा असेल तर दहा मिनिटांचं काम. प्लॅस्टिकच्या जोडाचंही तेच: टेफलॉन आट्यांच्या दिशेनं गुंडाळून, हातानं घट्ट करून पान्ह्यानं थोडंसं फिरवावं. जोर लावला की जोड चिरतो, आणि ती चीर पुष्कळदा काही दिवसांनी दिसते. फ्लशची टाकी गुपचूप गळते. तिच्यात चिमूटभर जिलेबीचा रंग टाकून पाव तास कुणी फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर आतलं रबर गेलं.

टाकी मोठी घेतली की धार वाढते, हेही खरं नाही. धार उंचीवर ठरते, लिटरवर नाही.

टाकी धुण्यातला गैरसमज महागात पडतो. “पाणी ओतून दिलं, टाकी वाळली, डास गेले.” डेंगीचा डास पाण्याच्या रेषेजवळ टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. म्हणून भिंत घासायलाच हवी. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतात त्यातही नुसतं ओतून भागत नाही, बॅरलसुद्धा घासायचं.

घासून झाल्यावर ५०० लिटरच्या टाकीला ताजी ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल पावडर ७५ ग्रॅम लागते. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणी भरलेल्या टाकीत घालावं. रात्रभर ते पाणी तसंच ठेवून सकाळी सगळे नळ सोडून काढून टाकावं. ते प्यायचं नाही. गेल्या वर्षीची उघडी पुडी वापरू नये, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. आणि फरशी घासायचं ॲसिड या पावडरीजवळ आणू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि टाकीत उतरलेल्या माणसाला तिथून पटकन बाहेर पडता येत नाही.