प्रादेशिक भूगोलाचा अभ्यास आणि पनवेलकडील जुनीं दप्तरें

महाविद्यालयांत भूगोल घेतलेल्या विद्यार्थ्यास आशिया खंड शिकवितात तें राज्यांच्या नांवांवरून नव्हे, नैसर्गिक प्रदेशांवरून. प्रथम भूमीची उंचसखल रचना, मग पाऊस व उष्णमान, त्यांवरून पिकें, आणि शेवटीं मनुष्याची वस्ती व व्यापार, असा हा क्रम असतो. हर्बर्टसन यानें १९०५ सालीं सर्व पृथ्वीचे असे विभाग पाडून दाखविले. डडले स्टँप याचा आशियावरील ग्रंथ १९२९ सालीं निघाला. आणि पश्चिम हिंदुस्थानापुरतें तेंच काम चं. धुं. देशपांडे यांनीं १९४८ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत केलें. दप्तरें जमविणारांचा या विषयाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध पनवेलच्या उदाहरणानें दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

खंडाचा अंतर्भाग उन्हाळ्यांत तापतो, तेथील हवेचा दाब उतरतो, आणि समुद्रावरील बाष्पयुक्त वारे भूमीकडे वळतात. त्यांच्या वाटेंत सह्याद्रि आडवा आहे. म्हणून पनवेलास वर्षाला १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि घाटापलीकडे पुण्यास अवघा सुमारें २८ इंच. खालीं भात व मीठ, वर ज्वारी-बाजरी. या दोहोंची अदलाबदल व्हावयाची तर घाटाची वाट आणि खाडीचें पाणी जेथें जवळ येतें तेथें पेठ वसणार. विद्यार्थी नकाशावर बोट ठेवून पनवेल दाखवितो व उत्तर संपलें असें समजतो.

उत्तर चूक नाहीं, परंतु त्यांत साल नाहीं. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. त्यापूर्वीं माल बैलांच्या पाठीवरून चढत-उतरत असे. गाड्यांचीं चाकें करण्याचा पनवेलचा धंदा गॅझेटियरकारांनीं मुद्दाम नोंदला आहे. तो ‘खाडी व घाट’ यांवरून सिद्ध होत नाहीं. देशावरील गाडीवान चाकें घेऊं लागले ते रस्ता झाल्यावरच, असें आमचें अनुमान आहे. पुढें १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढली, ती कल्याण-कर्जतवरून. डोंगर तोच, खाडी तीच, पाऊसही तोच. पण घाटावरच्या मालाचा मोठा ओघ दुसऱ्या वाटेनें गेला. १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें व ओघ पुनः या बाजूस वळला. आणि भूमीची रचना तरी अचल आहे, असें म्हणावें, तर विमानतळासाठीं उलवें येथील टेकडी कापून काढली व नदीचा प्रवाह वळविला. तो विमानतळ २०२५ सालीं उघडला. त्या टेकडीचा जुना नकाशा आतां केवळ नकाशा न राहतां पुरावा झाला आहे.

हा कालक्रम भरून काढण्यास जकातीचे झाडे, नावाड्यांचे हिशेब, मिठाच्या गोण्यांच्या यादी यांसारखे कागद लागतात. संग्राहक ते बहुधा बाजूस टाकतात. कारण त्यांत लढाई नाहीं कीं सनद नाहीं. वाडे पाडले जात आहेत, आणि असले रुमाल प्रथम रद्दींत जातात. शोध करणारानें आणखी एक ध्यानांत ठेवावें. १८८२ सालीं ठाणें गॅझेटियर निघालें तेव्हां पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांत होता. नंतर तो कुलाब्यास जोडला, आणि १९८१ सालीं कुलाब्याचेंच नांव रायगड झालें. केवळ रायगडच्या नोंदी चाळून परतणाराच्या हातीं थोडेंच लागेल.

सर्वांत अधिक जपावयाचें तें सनाच्या बाबतींत. शुहूर सन मृग नक्षत्रीं सूर्य गेल्यावर, म्हणजे जूनच्या आरंभीं पालटतो. यास्तव त्यास मृगसाल म्हणतात. सरकारी वर्षच पावसाबरोबर सुरू होई! इसवी सन काढण्यास मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ मिळवावे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. उदाहरणार्थ, ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७७. तें वर्ष जून १७७६ पासून जून १७७७ पर्यंतचें. त्या सालच्या वैशाखांत गलबतें ओढून शाकारल्याचा कागद सांपडला, तर तो १७७७ चा होय. त्यांत ५९९ मिळविले कीं तो १७७६ चा ठरतो, आणि पावसाळा एक वर्ष मागें सरकतो. उलट, त्यानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांनीं, पहिल्या सरी येऊन गेल्यावर लिहिलेल्या कागदावर ‘समान सबैन’ असेल. सन निराळा दिसतो म्हणून हे दोन कागद वेगळ्या रुमालांत बांधूं नयेत. ते एकाच ऋतूचे आहेत. मूळ तिथि, महिना व सन जसेच्या तसे उतरून घ्यावे, इसवी तारीख पुढें वेगळी लिहावी, आणि गांवाचें नांव कागदांत ज्या रूपांत असेल त्याच रूपांत ठेवावें.