क्लाउडवर हॉल कुणाचा, आचारी कुणाचा?

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा इंटरव्ह्यू होता. हिंजवडीतली मध्यम साइजची कंपनी, पोस्ट बिझनेस ॲनालिस्टची. म्हणजे कोडिंगशी थेट देणंघेणं नाही. तरी पॅनलवरच्या एका सरांनी पहिलाच बाउन्सर टाकला, ‘इन्फ्रास्ट्रक्चर, प्लॅटफॉर्म आणि सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस, यात फरक काय?’ बाईंनी बिनधास्त उत्तर दिलं, ‘सर, सगळं क्लाउडवर असतं.’ सर नुसते हसले. रात्री तिचा फोन. ‘ताई, मी चुकीचं काय बोलले गं?’

चुकीचं काहीच नव्हतं. आपण सगळे हेच तर म्हणतो. फोटो क्लाउडवर, ऑफिसच्या फाइली क्लाउडवर, पगाराची स्लिपसुद्धा क्लाउडवर. पण हा ढग आभाळात नसतो, हे एकदा लक्षात घ्या. तो कुणाच्या तरी इमारतीत, कुणाच्या तरी मशीनवर असतो. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये भारतात डेटा सेंटर्स सुरू केली, त्यातलं एक ठिकाण आपलं पुणं. ॲमेझॉन २०१६ मध्ये आणि गूगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. तुम्ही त्या मशीनचं भाडं भरता. मुद्दा एवढाच, की त्या भाड्यात काय काय येतं आणि काय तुमच्याच डोक्यावर राहतं?

मामाकडे सध्या लग्नघर आहे. दादासाठी कार्यालय शोधणं चालू आहे. म्हटलं, चल, तुला त्याच भाषेत सांगते.

आजोबांच्या काळी लग्न वाड्यात व्हायचं. मांडव आपला, चूल आपली, पाणी भरायला घरचीच पोरं. कंपन्यांचंही तसंच होतं. ऑफिसात एक एसी खोली, त्यात सर्व्हर, शेजारी यूपीएस आणि रात्री दोनला फोन उचलणारा एक बिचारा इंजिनीअर.

मग नुसता हॉल भाड्यानं मिळायला लागला. जागा, वीज, पाणी त्यांचं. आचारी, भांडी, किराणा, वाढपी तुमचे. हे झालं इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस. ॲमेझॉनची ‘ईसीटू’ ही त्यातली गाजलेली सेवा, २००६ मध्ये आली. दहा मिनिटांत मशीन हातात, वापराल तेवढंच बिल. पण मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करणं, फायरवॉलची दारं लावणं, बॅकअप घेणं हे सगळं तुमचं काम. आणि बिलातली एक गोम ऐका. मशीन बंद केलं तरी त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. लग्न उरकलं, पण तुमची भांडी हॉलवर पडून आहेत ना!

दुसरा प्रकार म्हणजे सुसज्ज स्वयंपाकघर असलेलं कार्यालय. गॅस, भांडी, वाढपी, पंगतीची व्यवस्था, सगळं तयार. तुम्ही फक्त तुमचा आचारी आणि त्याच्या पाककृती आणायच्या. हा प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस. आचारी म्हणजे तुमचा कोड. तो चढवा, खालचं मशीन ते बघतील. पाहुणे अचानक दुप्पट झाले तर जास्तीच्या पंगतीही तेच मांडतील. गूगलचं ‘ॲप इंजिन’ २००८ मध्ये आलं ते असंच. छोट्या स्टार्टअपला हे सॉलिड सोयीचं. फक्त आचाऱ्याला त्यांच्याच शेगडीची सवय लागते, मग कार्यालय बदलणं जड जातं. ‘हेरोकू’नं नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकटचे प्लॅन बंद केले, तेव्हा त्यावर ॲप ठेवणाऱ्यांना पैसे भरा नाहीतर बिऱ्हाड हलवा, एवढेच पर्याय उरले.

तिसरा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा. फुल पॅकेज. तुम्ही फक्त नटूनथटून अक्षता टाकायला या. सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस म्हणजे जीमेल, सेल्सफोर्स, चेन्नईच्या झोहोची ॲप्स. उघडा आणि वापरा. याचं लघुरूप देवनागरीत लिहिलं की ‘सास’ होतं. आपल्या लग्नाच्या उदाहरणात तेही फिट बसतं म्हणा.

ही तीन नावं कुणा सेल्समननं काल काढलेली नाहीत. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली, त्यात हे तीनच सर्व्हिस मॉडेल्स आहेत. इंटरव्ह्यूत फेकायला चांगलं वाक्य आहे.

पण मला तिला खरं दाखवायचं होतं ते वेगळंच. कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीबाहेर एक पाटी असते बघा. ‘दागिने व मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळाव्यात.’ नुसता हॉल घ्या की फुल पॅकेज, ही पाटी काही हलत नाही. क्लाउडमध्येही दागिने म्हणजे तुमचा डेटा आणि किल्ली म्हणजे पासवर्ड. ते कुठल्याच पॅकेजमध्ये त्यांचं होत नाही.

२०१४ मध्ये ‘कोड स्पेसेस’ नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन अकाउंटची किल्ली कुणाच्या तरी हाती लागली. त्यानं खंडणी मागितली आणि कंपनी ताबा परत घेतेय हे दिसताच डेटा पुसायला सुरुवात केली. बहुतेक बॅकअपही त्याच अकाउंटमध्ये. साधारण बारा तासांत खेळ खलास, कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ‘ओव्हीएच’चं एक अख्खं डेटा सेंटर जळालं. आग लागली हॉलला. पण ज्यांनी दुसऱ्या गावी बॅकअप ठेवला नव्हता, त्यांतल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला.

आणि मी कोण मोठी शहाणी? नव्यानं लिहायला लागले तेव्हा सगळे लेख एका फुकटच्या पोर्टफोलिओ साइटवर टाकायचे. तेच माझं व्हिजिटिंग कार्ड. साइट बंद होणार असल्याची मेल त्यांनी रीतसर पाठवली होती. पण मी ती साइट कॉलेजच्या आयडीवरून उघडलेली, आणि तो आयडी पास आउट झाल्यावर मी कधी उघडलाच नाही. तीन वर्षांचं काम गेलं. जुन्या संपादकांना फोन करकरून जेमतेम निम्मे लेख परत मिळाले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून घेते. घरचे हसतात, हसू देत.

गेल्या आठवड्यात बहिणीला दुसऱ्या राउंडला बोलावलं. तेच सर. शेवटी त्यांनी विचारलं, ‘तुमचा काही प्रश्न?’ ही म्हणाली, ‘सर, आपण बॅकअप त्याच अकाउंटमध्ये ठेवतो की वेगळ्या?’ सर हसले नाहीत. शेजारच्या मॅडमकडे वळून त्यांनी हळूच काहीतरी विचारलं आणि डायरीत टिपून घेतलं. रिझल्ट अजून यायचाय.