बोटुकली सोडण्याआधी

नदीतले मासे कमी झाले की आपल्याकडचा उपाय ठरलेला: बीज सोडा. टेम्पोतून हवा भरलेल्या पिशव्या येतात, पाहुण्यांच्या हस्ते रोहू-कटल्याची बोटुकली पाण्यात जाते, फोटो निघतो. त्या पिल्लांना खाली काय मिळणार, हे बघायला गुडघाभर पाण्यात कुणी उतरत नाही. येडगावला धरणाच्या खालच्या अंगाला कुकडीच्या पात्रात मी उतरलो, तो तेवढ्यासाठीच.

सामान साधं: टेप, खुणा केलेली काठी, थर्मामीटर, वही आणि एक संत्रं. नारायणगावच्या टोमॅटोच्या मुलुखात संत्रं न्यायचं म्हणजे गंमतच, पण ते जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. १० मीटर अंतर आखायचं, वरच्या टोकाला संत्रं सोडायचं आणि खाली पोचेपर्यंतचे सेकंद मोजायचे. तळाशी पाणी दगडांना घासत रेंगाळतं, म्हणून अंतराला सेकंदांनी भागून आलेल्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणतात. त्याला रुंदी आणि सरासरी खोलीने गुणलं की सेकंदाला किती पाणी वाहतं ते कळतं.

पण खरी माहिती दगडाखाली असते. संथ पाण्यातला मुठीएवढा गोटा ओढला तर पचकन आवाज करत निघाला आणि खळग्यातून गाळ उसळून वर आला. गोट्याच्या कडेने काळपट रेघ होती. तिच्याखालचा भाग गाळात रुतलेला. जवळजवळ अर्धा गोटा. चार पावलांवर, खळखळत्या धारेतला दगड मात्र सहज सुटला. खालची बाजू स्वच्छ, तिला वाळूचे कण जोडून केलेली कॅडिसफ्लायच्या अळ्यांची इवली घरं चिकटलेली, आणि तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं उजेड पडताच सैरावैरा. या किड्यांना प्राणवायू मुबलक लागतो. त्यांच्या जागी नुसत्या लालभडक अळ्या वळवळताना दिसल्या, तर तळाचा श्वास कोंडलाय असं समजावं.

माशांचा संसार याच फटींवर चालतो. मळ्या हनुवटीखालच्या चकतीने दगडाला धरून शेवाळ खरवडतो. महाशीर वाहत्या पाण्यात, गोट्या-खड्यांच्या तळावर अंडी घालतो. फटी गाळाने बुजल्या की अंडी गुदमरतात. मग वरून कितीही बीज ओता.

येडगावचं दुखणं पाण्याच्या वेळापत्रकातही आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: वर याच नदीवर माणिकडोह, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे, मीनेवर वडज, घोडवर डिंभे आणि कुकडीवर येडगाव. डिंभ्याचं पाणीसुद्धा कालव्याने येडगावात येतं आणि इथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. आवर्तन, म्हणजे शेतीसाठीची पाण्याची पाळी, सुटलं की कालवा तुडुंब वाहतो, नदीला मात्र उरलंसुरलं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की तीच नदी अंगावर येते. शेतकऱ्याला पाणी हवं, यात वाद नाही. पण माशाला वर्षभर थोडी का होईना, धार हवी. म्हणून नोंद एकाच भेटीची उपयोगाची नाही. आवर्तनाच्या आधी, चालू असताना आणि नंतर, त्याच जागी घ्यावी लागते. प्राणवायू तर पहाटेच मोजावा, तेव्हा तो सर्वांत कमी असतो. दुपारचा आकडा शेवाळाच्या कृपेने फुगलेला निघतो.

बीजाचंच बोलायचं, तर महाशीरची गोष्ट बघा. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली मुळा-मुठेतल्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन केलं. लोणावळ्याच्या वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास गेली काही दशकं चालू आहे, आणि ते काम मोठंच. पण याच जातीचं बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथल्या मूळच्या, पाठीला वशिंड असलेल्या महाशीरवर ते भारी पडलं. तो वशिंडवाला मासा २०१८ पासून अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. नदी न बघता केलेलं पुण्यकर्म असं अंगाशी येतं.

याउलट महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून महाशीर कुणी मारत नाही. बीज न सोडता ते टिकले, कारण त्यांना कुणी मारलं नाही आणि डोहही टिकला.

कुकडीकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी दर महिन्याला ठरलेल्या दोन-तीन जागी टेप, काठी आणि वही घेऊन उतरावं. शाळेतली पोरंही हे करू शकतात. वर्षभराच्या नोंदी हातात आल्या, की पाटबंधारे खात्याकडे किमान धार मागता येईल, वाळूउपसा कुठे थांबवायचा ते दाखवता येईल, काठावर वाळुंज आणि शेरणी कुठे लावायची ते ठरवता येईल. बोटुकलीचा टेम्पो त्यानंतर बोलवावा.