पापक्षमा आणि तारण

ख्रिस्ती मनुष्याने आठवडाभर पाप करावे, पाद्र्यापुढे ते कबूल करावे आणि पुन्हा नव्या पापास मोकळे व्हावे, अशी एक समजूत सुशिक्षितांतही आढळते. महाविद्यालयात असताना आमचीही तीच होती. परंतु ज्या समाजाच्या शेजारी आपण पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो, त्याच्या श्रद्धेचा गाभा इतक्या स्वस्तात उरकणे बरे नव्हे.

घोटाळ्याचे एक कारण शब्दांत आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापले गेले. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले; ‘मुक्ती’ हाही शब्द त्याने आपलाच घेतला. शब्द ओळखीचा, आशय मात्र निराळा. आपल्याकडे मुक्ती म्हणजे बहुधा जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका, आणि बंधनाचे मूळ अज्ञानात. ख्रिस्ती विचारात मूळ दुखणे दुराव्याचे आहे. पाप म्हणजे नुसता नियमभंग नव्हे, तर मुलाने पित्याशी तोडलेले नाते. म्हणून पुण्याच्या राशी घालून ते भरून निघत नाही. ज्याच्याशी तुटले त्यानेच हात पुढे करावा लागतो. पुढे मराठी ख्रिस्ती समाजात ‘तारण’ हा शब्द रूढ झाला. तोच शब्द सावकाराच्या वहीतही आहे, कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूसाठी. हा योगायोगच, पण येशूनेही क्षमेविषयी बोलताना कर्जाचाच दृष्टान्त घेतला होता.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तो आला आहे. अपराधी बंधूला किती वेळा क्षमा करावी, असे पेत्राने विचारले असता येशूने ही कथा सांगितली. एका चाकराकडे राजाचे १०,००० टॅलंट येणे होते. एक टॅलंट सुमारे ६,००० दिनारांचा, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांचे कष्ट! चाकर पाया पडून म्हणतो, मुदत द्या, सारे फेडतो. हे आश्वासन हास्यास्पद आहे, हे ऐकणाऱ्यांस तेव्हाच कळले असेल. राजा मुदत देत नाही. तो कर्जच सोडून देतो.

पण सोडलेले कर्ज जाते कोठे? आमच्या कचेरीत दरवर्षी फीमाफीचे अर्ज येतात. मुलाच्या नावापुढे ‘माफ’ असे लिहिले, तरी शिक्षकांचा पगार चुकत नाही. ती रक्कम कोणीतरी सोसतो. क्षमा करणारा स्वतः भार उचलतो, हाच ख्रिस्ती विचारातील क्रुसाचा अर्थ. अर्थात उपमेला मर्यादा आहे. पैसा एकाचा दुसऱ्याने भरता येतो, अपराध तसा भरता येतो काय? या प्रश्नावर ख्रिस्ती तत्त्वज्ञांनीच शतकानुशतके वाद घातला आहे, आणि एकच उपपत्ती साऱ्यांना मान्य झालेली नाही.

आता कबुलीविषयी. कॅथॉलिक परंपरेत पापनिवेदनाबरोबर खरा पश्चात्ताप आणि भरपाई ही दोन्ही हवीत. चोराने चोरीचा माल परत केला पाहिजे. पुन्हा तेच करण्याचा बेत मनात ठेवून केलेले निवेदन व्यर्थ मानतात. प्रॉटेस्टंट पंथीयांस धर्मगुरूची मध्यस्थी आवश्यक वाटत नाही. केवळ कृपेने आणि श्रद्धेने मनुष्य नीतिमान ठरतो, असे ल्यूथरचे प्रतिपादन. या मतभेदाने युरोप दुभंगला. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथॉलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ यांनी या विषयावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. मूळ मुद्द्यावर मतैक्य झाले, काही बाबी उरल्या.

दृष्टान्ताचा उत्तरार्ध सांगायचा राहिला. सुटलेला चाकर बाहेर पडतो, तोच त्याला एक सोबती भेटतो. त्याच्याकडे याचे १०० दिनार येणे असतात. तोही मुदत मागतो, जवळजवळ त्याच शब्दांत. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकवतो. राजाच्या कानी हे जाते, आणि दिलेली माफी रद्द होते.