‘चालवत नाही’ : मधुमेहातील थकवा आणि त्याची मराठी

१. विषयप्रवेश

मधुमेह या व्याधीची बहुतेक अंगे आज मोजता येतात. रक्तातील साखर घटकाभरात कळते. मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी एका रक्तचाचणीने समजते. मूत्रावाटे जाणारी प्रथिने, डोळ्याच्या पडद्यावरील बदल, पायाची संवेदना यांचीही नोंद करता येते. परंतु मधुमेही मनुष्य ज्या तक्रारीचा उच्चार वारंवार करतो, त्या थकव्याचे मोजमाप करणारे उपकरण नाही. त्यासाठी काही प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत हे खरे. पण त्याही अखेर शब्दांच्याच बनलेल्या असतात. थकव्याचा मुख्य पुरावा म्हणजे रुग्णाने उच्चारलेले वाक्य. ते वाक्य कसे उच्चारले गेले आणि समोरच्याने ते कसे ऐकले, यावर पुढील तपासणी, उपचार आणि घरातील वागणूक ही पुष्कळ अंशी अवलंबून राहतात. यास्तव विषय वैद्यकाचा असला, तरी भाषेच्या अभ्यासकानेही त्याकडे लक्ष द्यावे असे त्यात बरेच काही आहे.

प्रश्न थोड्यांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा. २० वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येत हे प्रमाण ११.४ टक्के पडते. यांपैकी मराठी बोलणारे आपला थकवा मराठीतच सांगणार. मराठीत तो सांगण्याची साधने कोणती आहेत, आणि त्या साधनांचा उपयोग रुग्णास होतो की नाही, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

२. थकवा एक, कारणे अनेक

मधुमेहाचा थकव्याशी असलेला संबंध प्राचीनांच्याही लक्षात आला होता. चरकाने प्रमेही रुग्णांचे स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल असे दोन प्रकार मानले आहेत. सुश्रुताने निदानस्थानात मधुमेह्याचे जे वर्णन केले आहे, त्यात चालण्यापेक्षा उभे राहणे, उभे राहण्यापेक्षा बसणे, बसण्यापेक्षा आडवे होणे आणि आडवे होण्यापेक्षा झोप त्यास बरी वाटते, असा एक उतरता क्रम आहे. निरीक्षण मार्मिक आहे. मात्र या उतरणीच्या मुळाशी एकच कारण असते असे आजचे वैद्यक मानीत नाही.

पहिले कारण रक्तातील वाढलेली साखर. स्नायूंच्या पेशींमध्ये साखर शिरण्यास इन्सुलिनचे साहाय्य लागते. ते अपुरे पडले किंवा पेशी त्यास दाद देईनाशा झाल्या, म्हणजे रक्तात इंधन भरपूर आणि पेशी मात्र उपाशी अशी अवस्था होते. रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ती मूत्रावाटे जाऊ लागते व आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. शरीर कोरडे पडते. रात्री पुनःपुन्हा उठावे लागल्याने झोपेचे तुकडे होतात.

दुसरे कारण याच्या अगदी उलट, म्हणजे साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांत हे विशेषेकरून घडते. मेंदूची भिस्त साखरेवर असल्यामुळे घाम, कंप, धडधड आणि पुढे गोंधळलेपण अशी लक्षणे थोड्या वेळात उद्भवतात.

याखेरीज पुष्कळ कारणे साखरेच्या आकड्यात दिसतच नाहीत. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. आहार शाकाहारी असल्यास ही शक्यता अधिक. मूत्रपिंड दुबळे झाल्यास रक्तक्षय होतो. अवटु ग्रंथीचे कार्य मंदावणे, स्थूल व्यक्तींमध्ये झोपेत श्वास अडखळणे, आणि मनाचे दीर्घकालीन नैराश्य या गोष्टी मधुमेहाबरोबर पुष्कळदा आढळतात. मधुमेह्याच्या हृदयविकारात छातीत कळ न येता केवळ दम लागणे व अकस्मात थकवा एवढीच सूचना मिळू शकते. तात्पर्य, ‘थकवा’ हे अनेक भिन्न अवस्थांस मिळालेले एक सामायिक नाव आहे.

३. शब्दांची विभागणी

मराठीने या सामायिक नावाखाली पुष्कळ पोटभेद केले आहेत. ‘दमणे’ हे श्रमानंतरचे. त्यास कारण असते आणि विश्रांतीने ते निवते. ‘शीण’ प्रवासाचा, जागरणाचा, डोळ्यांचा, मनाचाही असतो व तो साठत जातो. ‘मरगळ’ म्हणताना शरीरापेक्षा उत्साहाकडे अधिक रोख असतो. ‘अंग जड होणे’, ‘सुस्ती येणे’ हे बहुधा जेवणानंतरचे वर्णन. ‘गळून जाणे’, ‘हातपाय गळणे’, ‘त्राण जाणे’ यांत आकस्मिकता आहे. ‘ग्लानी’ या शब्दाने जाणीवच मंदावल्याचे सूचित होते. ‘धाप लागणे’ श्वासाशी, ‘भोवळ’ तोलाशी, ‘पोटऱ्या भरून येणे’ एका विशिष्ट अवयवाशी बांधलेले आहे. ‘थकणे’ या धातूस तर देण्याघेण्याच्या व्यवहारातही स्थान आहे. हप्ते थकतात, भाडे थकते, आणि जे उरते ती थकबाकी. कालचे न फिटलेले आजच्यावर चढते, हा अर्थ तुटक झोपेने आलेल्या थकव्यास चांगला लागू पडतो.

शब्दावरून रोग ओळखता येतो असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. बोलीगणिक व घरागणिक या शब्दांच्या सीमा हलतात. परंतु ‘दुपारी अकराला एकाएकी हातपाय गळतात व घाम फुटतो’ हे वाक्य आणि ‘सकाळी उठल्यापासूनच मरगळ असते’ हे वाक्य ऐकणाऱ्यास दोन भिन्न दिशांनी विचार करावयास लावतात, हे निश्चित.

दुर्दैवाने दवाखान्याच्या दारात ही संपत्ती बाहेरच राहते. तेथे ‘अशक्तपणा’ किंवा ‘वीकनेस’ या एका शब्दावर सारे भागविले जाते. दवाखान्यातील भाषा औपचारिक असावी, घरगुती शब्द तेथे अज्ञपणाचे वाटतील, हा संकोच त्यामागे असतो. डॉक्टरांजवळ वेळ थोडा असतो हेही आहेच. परिणाम मात्र दुहेरी होतो. एक तर भेद पुसले जातात. दुसरे असे की, ‘अशक्तपणा’ या शब्दाची घडणच अभावदर्शक आहे. जेथे शक्ती नाही तेथे ती बाहेरून भरावी, असा उपाय हा शब्द आपोआप सुचवितो. मग टॉनिक, ग्लुकोजची पूड, ‘ताकदीचे’ सलाईन, चार घास अधिक खाण्याचा आग्रह या गोष्टी ओघानेच येतात. ज्याच्या रक्तात साखर आधीच भरून राहिली आहे, त्याच्या थकव्यावर हा उपाय म्हणजे आगीत तेल होय.

४. वाक्यरचनेची साक्ष

शब्दांहूनही अधिक नेमकी साक्ष मराठीची वाक्यरचना देते. ‘मी दमलो’ या वाक्यात बोलणारा प्रथमेत, म्हणजे आपल्या थकव्याचा कर्ता आहे. त्याने काही केले आणि तो दमला. ‘मला थकवा येतो’ या वाक्यात तो चतुर्थीत गेला. थकवा कर्त्याच्या जागी आला व मनुष्य केवळ अनुभव घेणारा राहिला. श्रमाशी नाते नसलेला थकवा मधुमेही सहसा या दुसऱ्या रचनेने सांगतो. ‘काही न करताच थकवा येतो’ हे वाक्य सहज वाटते. ‘काही न करताच मी दमलो’ हे ऐकणाऱ्यास थोडे विनोदी वाटते. हा भेद व्याकरणाने सांभाळला आहे.

याहून महत्त्वाचा भेद नकारार्थी वाक्यांत आहे. पुढील तीन वाक्ये पाहावी :

(अ) मला चालता येत नाही.
(आ) मला चालवत नाही.
(इ) मला चालावेसे वाटत नाही.

पहिल्यात कौशल्याचा अभाव किंवा एखादा अडथळा आहे. पाय बधिर झाला आहे, जखम आहे, सांधा धरला आहे. दुसऱ्यात कौशल्य आहे, अडथळा नाही, इच्छाही असू शकेल, पण बळ पुरत नाही. तिसऱ्यात बळाविषयी काहीच म्हटलेले नाही. उणीव इच्छेची आहे. ‘मला पोहता येत नाही’ असे म्हणणारा पोहावयास शिकलेला नसतो. ‘मला आता पोहवत नाही’ असे म्हणणारा एके काळी पोहत असतो, हे भाषिकास सांगावे लागत नाही.

(आ) मधील रूपांस परंपरागत व्याकरणात ‘शक्य क्रियापदे’ म्हणतात. धातूस ‘व’ हा प्रत्यय लागून ती होतात आणि कर्ता ‘मला’ किंवा ‘माझ्याने’ असा येतो : जिना चढवत नाही, बसवत नाही, बोलवत नाही. होकारार्थी वाक्यांत हा प्रयोग तुलनेने विरळ आहे. नकारात व प्रश्नात तो जिवंत आहे. बाह्य रूपाने तो प्रयोजक क्रियापदासारखाच दिसतो. ‘तो गाडी चालवत नाही’ आणि ‘त्याला चालवत नाही’ यांतील अर्थभेद मुख्यतः कर्त्याच्या विभक्तीवर उभा आहे. ‘बघवत नाही’, ‘ऐकवत नाही’ यांत पुरे न पडणारे बळ मनाचे असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि चालणे, चढणे, उचलणे या शरीरक्रियांच्या बाबतीत शक्य क्रियापद शारीरिक बळाविषयीच बोलते.

या तीन वाक्यांमागील वैद्यकीय वाटा भिन्न आहेत. (अ) ऐकल्यावर पाय, मज्जातंतू व सांधे पाहावे लागतात. (आ) ऐकल्यावर साखरेचे चढउतार, रक्तक्षय, ब-१२, अवटु, मूत्रपिंड व हृदय यांचा विचार प्राप्त होतो. (इ) ऐकल्यावर झोपेची आणि मनःस्थितीची चौकशी करणे अगत्याचे ठरते. तिन्ही वाक्ये एकाच रुग्णाच्या बाबतीत खरी असू शकतात. पण तिन्हींऐवजी ‘वीकनेस आहे’ असे म्हटल्याने कोणतीच वाट उघडत नाही.

५. नित्याच्या थकव्याचा व्यवहार

यावरून नित्य थकव्यासह जगणाऱ्यास एक सोपी पद्धत सुचविता येते. आठ-दहा दिवस एका वहीत थकव्याची वेळ, त्याआधीचे जेवण व औषध, केलेले काम, रात्रीची झोप आणि थकव्याचे आपल्या घरगुती बोलीतील वर्णन लिहावे. शक्य असल्यास त्या वेळची साखर मोजून शेजारी आकडा मांडावा. तीन महिन्यांची सरासरी चांगली असूनही दिवसातील चढउतार मोठे असू शकतात, आणि सरासरीने ते झाकले जातात. उपवासाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. एकादशीस औषध नेहमीप्रमाणे घेऊन दुपारपर्यंत पोट रिकामे ठेवले, तर साखर उतरण्याचा संभव. त्यानंतर साबुदाण्याची खिचडी व बटाटा पोटभर खाल्ला, तर ती चढणार. संध्याकाळी ‘उपवासाने थकवा आला’ असे एकच वाक्य उरते. वहीत मात्र दोन थकवे दिसतील.

हातपाय गळून घाम फुटल्यास प्रथम साखर पाहावी. ती ७० च्या खाली असल्यास, किंवा मोजण्याची सोय नसल्यास, सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ग्लानी असलेल्या मनुष्यास मात्र तोंडाने काही पाजू नये. त्यास तत्काळ वैद्यकीय मदत हवी. थकव्याबरोबर नवीन धाप लागू लागल्यास तेथेही वाट पाहू नये.

दीर्घकालीन थकव्यात पूर्ण विश्रांती हा उपाय बहुधा उलटतो. काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही काही साखर आत घेऊ शकतो. यास्तव जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालणे आणि दीर्घकाळ बसून न राहणे यांचा लाभ होतो. जड कामे दिवसभर वाटून घ्यावी. ज्या वेळी अंगात त्राण असते त्या वेळेसाठी महत्त्वाचे काम राखावे. औषधाची मात्रा मात्र थकव्याच्या भरात स्वतःहून कमीअधिक करू नये. वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

६. ऐकणाऱ्याची जबाबदारी

भेद भाषेत असूनही ऐकताना तो पुसला जातो, आणि हे घरात अधिक घडते. रुग्ण म्हणतो, ‘चालवत नाही’; घरचे ऐकतात, ‘चालावेसे वाटत नाही’. एका प्रत्ययाचा हा फरक, पण त्याने बळाची उणीव इच्छेच्या उणिवेत रूपांतरित होते, आणि ‘आळस’ हा शब्द घरात शिरतो. व्याधी बाहेरून दिसत नसल्याने त्या शब्दास उत्तर देणे रुग्णास कठीण जाते; काही काळाने तोही स्वतःस आळशी समजू लागतो व दवाखान्यात थकव्याचा उल्लेखच टाळतो. इलाज होण्याजोगा रक्तक्षय किंवा जीवनसत्त्वाची उणीव अशा मौनात वर्षानुवर्षे लपून राहू शकते. उलटपक्षी ज्याला खरोखरच काही करावेसे वाटत नाही, त्यासही आळशी ठरविणे चूकच. कारण नैराश्य हीदेखील उपचारास पात्र अशी अवस्था आहे.

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना रुग्णाची हकिकत घेण्यास शिकविताना या तीन रचनांचा परिचय करून देणे अवघड नाही. ‘अशक्तपणा आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ एवढेच येते. ‘काय करवत नाही? आणि ते करावेसे वाटते का?’ हे दोन प्रश्न विचारल्यास उत्तर वाक्यात येईल, आणि तपासणीची दिशा त्या वाक्यातून ठरविता येईल.